रोज मराठी टंकलेखन करणाऱ्याने जुन्या कीबोर्डच्या जागी नवा कसा निवडावा?

प्रश्न असा आहे: ‘मी अनुवादाचे काम करते आणि रोज सहा-सात तास इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन करते. माझ्या कीबोर्डची डावी शिफ्ट अडकू लागली आहे आणि ‘र’ कधी उमटतो, कधी उमटत नाही. तीन हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा का? टेबलावर जागा कमी असल्यामुळे छोट्या आकाराचा चालेल का? वायरलेस घ्यावा का? आणि देवनागरी अक्षरे छापलेला मिळाला, तर तो घेणे अधिक चांगले का?’

चारही प्रश्नांची उत्तरे पुढे देतो. मात्र मराठी मजकुराची अक्षरजुळणी करणाऱ्यांसाठी कीबोर्ड निवडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो, की या चारही प्रश्नांच्या आधी कीबोर्डची ठेवण पाहावी लागते, म्हणजे कोणती कळ कोठे आहे आणि ती किती रुंद आहे. बाजारात आणि इंटरनेटवर मिळणारा बहुतेक सल्ला इंग्रजी टंकलेखन करणाऱ्यांना किंवा संगणकावर खेळ खेळणाऱ्यांना समोर ठेवून दिलेला असतो. तो चुकीचा नसतो, पण मराठी लिहिताना बोटांवर पडणारा भार निराळ्या जागी पडतो आणि त्या सल्ल्यात त्याचा विचार झालेला नसतो.

खरेदीपूर्वी बिघाड कीबोर्डचाच आहे याची खात्री करून घ्यावी. विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ नावाची एक सोय असते. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली, की ती सुरू करण्याविषयी विचारणा होते, आणि लिहिण्याच्या ओघात एंटर दाबला गेला तर ती सुरूही होते. त्यानंतर संगणक कळीवरचा झटपट स्पर्श मोजतच नाही आणि अक्षरे गळू लागतात. लागोपाठ पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर पुढे येणारी ‘स्टिकी कीज’ ही सोयही अशीच फसवते, कारण तिच्यामुळे शिफ्ट अडकल्यासारखी वाटते. सेटिंग्जमधील अ‍ॅक्सेसिबिलिटी या विभागात जाऊन दोन्ही बंद कराव्यात आणि त्यांचे शॉर्टकटही बंद करावेत. नंतर विंडोज, कंट्रोल आणि ओ या कळा एकत्र दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा. हातातील कीबोर्डची कळ दाबली, की त्यावरची तीच कळ उजळते. ‘र’ची कळ, म्हणजे इंग्रजी जे, सावकाश आणि वेगवेगळ्या कोनांतून दाबून पाहावी. ती मधूनच उजळत नसेल आणि कीबोर्ड दुसऱ्या यूएसबी खाचेत किंवा दुसऱ्या संगणकाला लावूनही तसेच होत असेल, तर दोष कीबोर्डचा आहे हे निश्चित समजावे.

आपला सध्याचा कीबोर्ड साध्या, म्हणजे मेम्ब्रेन प्रकारातील असावा. त्यात वाहक रेषा छापलेले प्लास्टिकचे दोन पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये छिद्रे असलेला तिसरा असतो. कळ दाबली की रबराची टोपी खाली बसते आणि वरचा पापुद्रा छिद्रातून खालच्या पापुद्र्याला टेकतो. एकच कळ अधूनमधून लागत असेल, तर टोपी थकलेली असते किंवा त्या जागी मळ शिरलेला असतो. एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या वाटणाऱ्या तीन-चार कळा एकदम गेल्या असतील, तर सहसा छापील रेषाच तुटलेली असते, आणि साखरेचा चहा सांडला की हाच प्रकार घडतो. पहिल्या बाबतीत कळ उचलून स्वच्छ केल्याने काही महिने निभावता येते. दुसऱ्या बाबतीत दुरुस्तीवर पैसे घालवू नयेत.

आता ठेवणीकडे वळू. इनस्क्रिप्ट हा भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये प्रमाणित केलेला कळफलक आहे. त्यात १९८८मध्ये सुधारणा झाली आणि १९९१च्या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. त्याची आखणी अशी, की स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताखाली येतात आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. मराठीच्या वर्णमालेला इंग्रजीची सव्वीस अक्षरे पुरत नाहीत. त्यामुळे इंग्रजीत विरामचिन्हांसाठी ठेवलेल्या उजवीकडच्या कळा इनस्क्रिप्टमध्ये अक्षरांना दिल्या आहेत. सेमीकोलनवर ‘च’ आहे, अवतरणचिन्हावर ‘ट’, डाव्या चौकटी कंसावर ‘ड’ आणि तिरक्या रेघेवर, म्हणजे स्लॅशवर, ‘य’. उलट्या तिरक्या रेघेवर, म्हणजे बॅकस्लॅशवर, ‘डॉक्टर’ आणि ‘कॉलेज’मधली खूण आहे, तर बरोबरच्या चिन्हावर ‘ऋ’ आणि त्याची खूण आहे.

आपण दिवसातून असंख्य वेळा लिहिता तो ‘च्या’ हा प्रत्यय पाहा. सेमीकोलन, मग डी या कळीवरची पाय मोडण्याची खूण, म्हणजे हलन्त, मग स्लॅश आणि शेवटी ई या कळीवरचा काना. या चारांपैकी दोन कळा उजव्या करंगळीच्या आहेत. ‘दुसऱ्याच्या’ हा शब्द लिहिला, तर ‘य’साठी दोनदा आणि ‘च’साठी एकदा अशी उजवी करंगळी तीन वेळा चालते, आणि ‘ऱ’साठी डाव्या करंगळीला शिफ्ट दाबावी लागते ती निराळी. इंग्रजीत स्लॅशची कळ दिवसात मोजक्या वेळा लागते, म्हणून निर्माते ती अरुंद करताना किंवा थोडी सरकवताना फारसा विचार करत नाहीत. आपल्यासाठी मात्र ती भाषेतील अत्यंत कामाच्या अक्षरांपैकी एकाची कळ आहे. नवा कीबोर्ड पाहताना सेमीकोलन, अवतरणचिन्ह, दोन्ही चौकटी कंस आणि स्लॅश या कळा अक्षरांच्या कळांइतक्याच रुंद आहेत का, हे मी सर्वांत आधी पाहतो. आपणही तेच करावे.

शिफ्टचे गणितही इंग्रजीपेक्षा वेगळे आहे. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे महाप्राण, आणि ळ, श, ष ही अक्षरे उजव्या हाताच्या कळांवर शिफ्टसह येतात. त्यामुळे त्यांच्यासाठी डावी शिफ्ट लागते. उलट अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे शब्दारंभी येणारे स्वर डाव्या हाताकडे आहेत, आणि ‘ण’ हा सी या कळीवर असल्यामुळे तोही डाव्या हाताचा आहे. त्यांना उजवी शिफ्ट लागते. इंग्रजीत शिफ्ट बहुधा वाक्याच्या आरंभी लागते, इथे ती शब्दाशब्दाला लागते. आपली डावी शिफ्ट सर्वांत आधी झिजली यात काहीच नवल नाही.

म्हणून छोट्या आकाराच्या कीबोर्डबद्दल माझे मत स्पष्ट आहे. केवळ उजवीकडचा अंकांचा भाग गाळलेला, ८७ कळांचा कीबोर्ड मिळाला, तर तो जरूर घ्यावा. त्यात अक्षरांचा भाग जसाच्या तसा असतो आणि टेबलावर माऊससाठी वीतभर जागा मोकळी होते. त्याहून छोट्या प्रकारांत मात्र बाणांच्या कळा बसवण्यासाठी बहुधा उजव्या शिफ्टचाच बळी दिलेला असतो. प्रमाण मापाची उजवी शिफ्ट सुमारे ५२ मिलिमीटर रुंद असते, ती या प्रकारांत ३३ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि तिच्या शेजारी वर जाण्याच्या बाणाची कळ येऊन बसते. ‘आणि’ हा शब्द लिहिताना ‘आ’साठी एकदा आणि ‘ण’साठी पुन्हा एकदा उजवी शिफ्ट लागते. करंगळी सवयीच्या जागी गेली आणि शिफ्टऐवजी बाण दाबला गेला, तर कर्सर वरच्या ओळीत जाऊन तयार मजकुराच्या मधोमध भलतीच अक्षरे टाकतो. मान वर करून पडदा पाहीपर्यंत दोन शब्द तिकडे गेलेले असतात. अनुवादकाच्या हाताखाली असा कीबोर्ड अजिबात नसावा.

डाव्या शिफ्टचे संकट दुसऱ्या बाजूने येते. भारतात विकले जाणारे कीबोर्ड सहसा अमेरिकी ठेवणीचे, १०४ कळांचे असतात, आणि त्यांची डावी शिफ्ट सुमारे ४३ मिलिमीटर रुंद असते. ब्रिटिश आणि युरोपीय ठेवणीत डाव्या शिफ्टचे दोन तुकडे करून झेडच्या शेजारी एक जादा कळ घातलेली असते. तिथे शिफ्ट जेमतेम २४ मिलिमीटरची उरते, एंटर उभा होतो आणि बॅकस्लॅश आपली जागा सोडतो. लंडन किंवा बर्लिनमध्ये राहून मराठी लिहिणाऱ्यांना दुकानात हाच कीबोर्ड मिळतो. त्यांनी अमेरिकी ठेवण मुद्दाम मागवावी असे मी सांगेन. आपल्याकडे हा प्रकार परदेशातून आलेल्या जुन्या संगणकांबरोबर किंवा ऑनलाइन विक्रीतून क्वचित शिरतो. याशिवाय काही स्वस्त कीबोर्डांत एंटर उलट्या एल आकाराचा, मोठा केलेला असतो आणि बॅकस्लॅश वर बॅकस्पेसशेजारी गेलेला असतो. एकदा हाताला ‘ऑफिस’ आणि ‘हॉटेल’ची जागा पक्की बसली, की ती बदलणे फार त्रासाचे होते.

दुकानात जाताना साधी फूटपट्टी बरोबर न्यावी. क्यू या कळीच्या मध्यापासून पी या कळीच्या मध्यापर्यंतचे अंतर पूर्ण मापाच्या कीबोर्डवर १७ सेंटिमीटरहून किंचित जास्त भरते, कारण दोन शेजारच्या कळांच्या मध्यांमधील प्रमाण अंतर १९.०५ मिलिमीटर असते. ते अंतर साडेसोळाच्या खाली असेल, तर कळा दाटीने बसवलेल्या आहेत आणि सहा-सात तासांच्या कामासाठी तो कीबोर्ड सोडून द्यावा.

त्यानंतर दुकानदाराला तो संगणकाला लावून द्यायला सांगावे, मराठी कळफलक निवडावा आणि ‘उठणे’ हा शब्द आपल्या नेहमीच्या वेगाने दहा-बारा वेळा लिहावा. ‘उ’ला उजवी शिफ्ट लागते, ‘ठ’ला डावी आणि ‘ण’ला पुन्हा उजवी. वेगात लिहिताना एक शिफ्ट पूर्ण सुटण्याआधी दुसरी दाबली जाते आणि क्षणभर दोन्ही दाबलेल्या राहतात. कीबोर्डमधील कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. स्वस्त जाळीत विशिष्ट तीन कळा एकदम दाबल्या गेल्या, तर नियंत्रक चिपला नेमकी कोणती कळ दाबली हे ओळखता येत नाही आणि ती ते अक्षर टाकूनच देते. दोन्ही शिफ्ट दाबलेल्या असताना अक्षरे गिळणारे कीबोर्ड बाजारात भरपूर आहेत. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा दोष जन्मभर कळणारही नाही. वेष्टनावर ‘एन-की रोलओव्हर’, म्हणजे कितीही कळा एकदम दाबल्या तरी प्रत्येक ओळखण्याची सोय, असे छापलेले असेल, तर ही अडचण सहसा येत नाही, तरीही हाताने तपासलेले केव्हाही बरे.

एवढे जमले, की मगच मेकॅनिकलचा प्रश्न. माझे उत्तर होय असे आहे, आणि त्याचे मुख्य कारण दुरुस्ती हे आहे. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. उद्या पुन्हा ‘र’च गेला, तर तेवढा एक स्विच बदलता येतो. काही कीबोर्डांत स्विच खाचेत बसवलेले असतात, ज्याला हॉट-स्वॅप म्हणतात. ते चिमट्याने उपसून नवे बसवणे घरच्या घरी जमते. बाकीच्यांत जुन्या स्विचचे डाख सोडवून नवा डाखावा लागतो आणि ते काम पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर करून मिळू शकते. उत्पादक मेकॅनिकल स्विचचे आयुष्य साधारण पाच कोटी दाब आणि मेम्ब्रेनचे पन्नास लाख ते एक कोटी दाब असे सांगतात. हे आकडे प्रयोगशाळेतील असले, तरी दोहोंमधील अंतर प्रत्यक्ष वापरातही जाणवते, विशेषतः हलन्ताच्या कळीवर. ती मराठीत अखंड राबते.

स्विचच्या जाती रंगांवरून ओळखल्या जातात. चेरी या जर्मन कंपनीने रूढ केलेले हे रंग इतर उत्पादकही बहुतांशी पाळतात. लाल स्विच सरळ खाली जातो आणि त्याला सुमारे ४५ सेंटीन्यूटन बळ लागते. तपकिरी स्विचला मध्ये हलकासा अडथळा जाणवतो आणि त्याला सुमारे ५५ लागते. निळ्याला साधारण ६० लागते आणि तो प्रत्येक दाबाला टक असा स्पष्ट आवाज करतो. बिलाच्या खिडक्यांवर आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे दिसणारा टीव्हीएसचा गोल्ड हा कीबोर्ड याच निळ्या, आवाज करणाऱ्या जातीमुळे प्रसिद्ध झाला. तो अत्यंत दणकट असतो आणि पुष्कळ जुन्या अक्षरजुळणीकारांचा हात त्याच्यावरच बसलेला आहे. तरीही आपल्याला मी तपकिरी जात सुचवीन. ज, च, ट, ड, य हे सगळे एका उजव्या करंगळीवर असताना दर दाबाला जास्तीचे बळ लागणे संध्याकाळपर्यंत मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जाणवू लागते. करंगळी दुखण्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी स्विच हलका करायला सांगतो आणि कीबोर्डचे मागचे पाय मिटवून तो सपाट ठेवायला सांगतो. पाय उभे केल्याने मनगट वरच्या बाजूला मोडते आणि ताण वाढतो. लाल जात आणखी हलकी असली, तरी कळ लागल्याची खूण बोटाला मिळत नाही, म्हणून मेम्ब्रेनवरून येणाऱ्याच्या हातून सुरुवातीला नुसत्या टेकण्याने नको ती अक्षरे उमटतात. घरात कोणी शेजारी झोपत किंवा अभ्यास करत असेल, तर निळ्या जातीचा विचारच करू नये.

वायरलेस आपल्यासाठी अनावश्यक आहे. कीबोर्ड एकाच टेबलावर राहणार असेल, तर तार काहीच अडवत नाही आणि मुदतीच्या दिवशी सेल संपण्याची चिंताही उरत नाही. शिवाय त्याच किमतीत तारेच्या कीबोर्डात स्विच आणि कळा अधिक चांगल्या मिळतात. तार काढता येण्याजोगी असेल, तर उत्तमच, कारण सर्वांत आधी तुटते ती तारच.

देवनागरी अक्षरे छापलेल्या कीबोर्डबद्दल मोठा गैरसमज आहे. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, फक्त कोणत्या जागेवरची कळ दाबली गेली एवढेच कळवतो. त्या जागेचे ‘क’ करायचे की इंग्रजी के, हे संगणकात निवडलेला कळफलक ठरवतो. त्यामुळे नुसत्या इंग्रजी छपाईचा कीबोर्ड मराठीसाठी कणभरही कमी नसतो. चारच्या कळीवरच्या रुपयाच्या चिन्हाचेही तसेच आहे. ते छापलेले असो वा नसो, विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ हा कळफलक निवडून उजवी ऑल्ट आणि चार दाबले, की ₹ उमटते. त्यासाठी उजवी ऑल्ट कीबोर्डवर असली पाहिजे, कारण छोट्या कीबोर्डांत तिच्या जागी कधीकधी एफएन ही इतर कळांना जादा काम देणारी कळ घातलेली असते. आपण न पाहता लिहिता, तेव्हा छपाईसाठी जास्त पैसे देऊ नयेत, आणि देवनागरीचे स्टिकर तर मुळीच लावू नयेत. काही आठवड्यांत त्यांचे कोपरे उचलतात, बोटांना चिकट लागतात आणि एफ व जे या कळांवरचे, बोटांना जागा दाखवणारे उंचवटे त्यांच्याखाली दबतात. इनस्क्रिप्टमध्ये त्या दोन कळांवर ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ आहेत. उंचवटे ठळक आहेत का, हे मात्र विकत घेताना बोटाने जरूर पाहावे.

हे सारे इनस्क्रिप्टसाठी झाले. टंकलेखन यंत्राच्या जुन्या रेमिंग्टन कळफलकावर आणि युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेत पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटांवर काम करणाऱ्यांना अनेक जोडाक्षरांसाठी ऑल्ट दाबून अंकांच्या भागातून सांकेतिक क्रमांक द्यावे लागतात. त्यांनी ८७ कळांचा घेऊ नये, पूर्ण १०४ कळांचाच घ्यावा. आपल्या पुस्तकांपैकी काही अजून अशा फाँटांत जात असतील, तर हा नियम आपल्यालाही लागू होतो.

कळांच्या प्लास्टिकबद्दल एवढेच, की पीबीटीच्या कळा एबीएसच्या कळांपेक्षा उशिरा गुळगुळीत होतात. किमतीत थोडाच फरक असेल तर पीबीटी घ्यावे, त्यासाठी स्विचच्या दर्जात तडजोड करू नये.

तीन हजारांच्या आत तारेचा, अमेरिकी ठेवणीचा, तपकिरी स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड मिळतो. दिव्यांची रोषणाई नको म्हटले, की निवड सोपी होते. ऑनलाइन मागवणार असाल, तर अगदी वरून सरळ काढलेले छायाचित्र मोठे करून दोन्ही शिफ्ट, स्लॅश, बॅकस्लॅश आणि एंटर नीट न्याहाळावेत. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे तेही पाहावे आणि कीबोर्ड आल्या दिवशीच चालू कामाची दोन-तीन पाने त्याच्यावर लिहून काढावीत. हात बसायला आठवडा लागतो आणि तोपर्यंत चुका वाढतात, हे स्वाभाविक आहे. पण एकाच जागी, विशेषतः ‘य’, ‘ट’ किंवा ‘ण’पाशी, तीच चूक तिसऱ्या-चौथ्या दिवशीही होत असेल, तर मुदत संपण्याआधी तो परत पाठवावा.